नानांवरचा लेख

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार
सकाळी १७८/१०६, संध्याकाळी १७४/१०२

ही वही डॉक्टर कृष्णस्वामींच्या हुकमावरून. रोज दोन वेळा रक्तदाब मोजायचा, आकडा लिहायचा आणि त्या दिवशी काय खाल्लं, काय केलं तेही दोन ओळींत लिहायचं. "दोनच ओळी," असं ते तमिळमध्ये निक्षून म्हणाले. मराठी माणसाच्या हाती कोरी वही दिली की दोन ओळींत आटपत नाही, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार! त्यांच्यासाठी आकड्यांचा वेगळा कागद करीन. वही माझ्यापाशीच राहील.

झालं ते असं. गेल्या शुक्रवारी सकाळी कॉफी पिताना टंबलर हातातून सुटला. उचलायला गेलो तर उजवा हात माझं ऐकेना. माझी बायको कनका काहीतरी विचारत होती, उत्तर ठाऊक होतं, पण जीभ वळेना. दहा मिनिटांत सगळं जागच्या जागी आलं. मी म्हणालो, झोपेत हात अंगाखाली आला असेल. बायकोने ऐकलं नाही. खालच्या मजल्यावरच्यांची गाडी मागून मला तसंच लुंगीवर दवाखान्यात नेलं. ती अर्धांगाची चुणूक होती म्हणे. मोठा झटका येण्याआधी अशी सूचना सगळ्यांना मिळत नाही, तुम्हाला मिळाली, देवाचे आभार माना, असं डॉक्टर म्हणाले. दोन महिन्यांत दाब खाली आणायचा. नाहीतर पुढच्या वेळी हात परत येईल याची खात्री नाही.

तर आभार. देवाचे, कनकाचे आणि खालच्या गाडीवाल्यांचे. आभार मानण्यात मी कधी मागे नसतो, ही नानांची शिकवण. मानाजीनाना म्हणजे माझे काका, कऱ्हाडचे. मी सात वर्षांचा असताना आई गेली. वडील ट्रकवर, महिनोन्‌महिने बाहेर. नानांनी मला दहा वर्षं सांभाळलं, शाळेत घातलं. सतराव्या वर्षी मी इथे, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो आणि अजून तिथेच आहे. आम्ही सैनिकांचे गणवेश शिवतो. मी तपासनीस. शिवण अर्धा दोरा सरकली तरी मला दिसते, असा माझा लौकिक आहे.

६ ऑक्टोबर, रविवार
सकाळी १७०/१००, संध्याकाळी १८४/१०८

दुपारी दर्शनचा फोन. दर्शन म्हणजे नानांचा मुलगा, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. बारा जानेवारीला नानांचं सहस्रचंद्रदर्शन. मोठा सोहळा आहे, एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळणार. नाना मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, त्यांचे माजी विद्यार्थी गौरव अंक काढताहेत. त्यात पहिला लेख माझा हवा. "दादा, तू तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकात लिहितोस, तुझा हात चांगला चालतो. तीस नोव्हेंबरपर्यंत पाठव. नाना रोज विचारतात."

मला भरून आलं. पहिला लेख! खाल्ल्या मिठाला जागायची संधी आयुष्यात अशी कितीदा येते? (मीठ डॉक्टरांनी बंद केलंय, पण हे जुनं मीठ आहे.)

संध्याकाळचा आकडा बघून कनका घाबरली. दोष नारतंगाईच्या, म्हणजे इथल्या मोठ्या कडवट लिंबाच्या, लोणच्याचा. ताटात फोड आली ती मी टाकली नाही. ताटात काही टाकणं मला जमतच नाही. कनकाने बरणी उचलून शेजारी देऊन टाकली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी १५८/९४, संध्याकाळी १५४/९२

आयुधपूजा. कारखान्यात सगळ्या मशीनना झेंडूच्या माळा, चुरमुरे, बत्तासे. घरी आलो तर कनकाने बीपीच्या यंत्रालाही गंध-कुंकू लावून देवापुढे बसवलेलं. मी म्हणालो, अगं, हत्यारांची पूजा असते. ती तंजावुरी मराठीत म्हणाली, "हें हत्यारच कीं! ह्याच्यानेंच तुमचा जीव राखावयाचा आहे." आमचं लग्न होऊन एकोणतीस वर्षं झाली. ती बोलू लागली की अजून मला वाटतं एखादी बखर चालत येऊन स्वयंपाकघरात उभी राहिलीय. तिला म्हणावं तर ती म्हणते, तुमची मराठी दोन दिवसांपूर्वींची, आमची तीनशें वर्षांची.

गोळ्या लागू पडताहेत. कृष्णस्वामींचे उपकार.

१३ ऑक्टोबर, रविवार
सकाळी १५०/९२, संध्याकाळी १८२/१०८

आंघोळ करून, उदबत्ती लावून लेखाला बसलो. पहिली ओळ: "माझ्या आयुष्याला आकार दिला तो नानांच्या हातांनी, आणि त्या हातांत पट्टा असे." झकास जमलीय. वाचणारा आधी दचकेल, मग हसेल. दोन पानं झाली. बोटं मात्र बर्फासारखी गार पडली होती, पंखा फार जोरात असावा.

यंत्र बिघडलंय की काय? कुंकू आत गेलं असेल.

२० ऑक्टोबर, रविवार
संध्याकाळी १८६/११०

लाकडाच्या खोलीचा किस्सा लिहिला. हसूनहसून पुरेवाट होणार लोकांची. खुर्ची बदलून मोजलं, डाव्या हाताला लावून मोजलं, तरी तेच. कनकाने यंत्र स्वतःला लावून पाहिलं तर ११८/७६. म्हणजे यंत्र ठीक आहे आणि बायको अतिठीक आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी १४८/९०, संध्याकाळी १४६/८८

आज कॅन्टीनमध्ये नवीन शिकाऊ मुलींची पहिली पंगत होती. मला माझा पहिला दिवस आठवला. १९८५, आवडी स्टेशनाजवळची खाणावळ. केळीचं पान, त्यावर भाताचा डोंगर. मी खाली मान घालून भराभरा संपवला आणि हात आवरून बसलो. वाढपी आला नि म्हणाला, "इन्नुम?" म्हणजे 'अजून?' मला वाटलं हा विचारतोय की अजून बसलायस का! मी उठायला लागलो. त्याने खांदा दाबून खाली बसवलं आणि वाढलं. परत आला, परत इन्नुम. पाच वेळा. त्या दिवशी इतका जेवलो की संध्याकाळी ओकलो, पण या गावावर जीव जडला तो तेव्हाच. त्या वाढप्याचं नावही मला ठाऊक नाही. त्याचे उपकार मी मनातल्या मनात किती वेळा मानले असतील!

कनका म्हणते, तुम्ही अजून तसेच जेवतां, कोणी ताट ओढून नेणार असल्यागत. चावून खा म्हणतात डॉक्टर. बघू.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी १४४/८८, संध्याकाळी १७२/१००

दिवाळी. तेलाचं न्हाणं, मग 'गंगास्नान झालं का?' असं शेजाऱ्यांनी एकमेकांना विचारणं, सगळं इथल्या रीतीने. ऊर्मीला, म्हणजे आमच्या लेकीला, आज सुट्टी. श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. पहाटे कंपनीच्या बसने जाते ती अंधार पडल्यावर येते, त्यामुळे ती दिवसा घरी दिसली की पाहुणी आल्यासारखं वाटतं. पोरीने मला भेट आणली. चामड्याचा पट्टा, भारी कंपनीचा. "अप्पा, तुम्ही सारखी पँट वर ओढता, ऑफिसात सगळे बघतात."

मी पट्टा कधी वापरत नाही. सोसत नाही. पोट आवळल्यासारखं होतं, एवढंच. पण हौसेने आणलेला, म्हणून चढवून पाहिला. बक्कल वाजलं आणि मला घाम फुटला. फराळातल्या चकल्या तेलकट होत्या. पट्टा कपाटात ठेवला. ऊर्मीला तीनदा थँक्यू म्हटलं, तिचं तोंड जरा उतरलं होतं.

३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी १४६/९०, संध्याकाळी १९०/११२

लेख पुरा झाला. पहिलं वाचन घरच्यांपुढे, म्हणून कनकाला आणि ऊर्मीला समोर बसवलं आणि मोठ्याने वाचला. ऊर्मीला मराठी वाचायला जड जातं, ऐकायला आवडतं.

पट्ट्याच्या ओळीला कुणी हसलं नाही. म्हटलं, पुढे हसतील. लाकडाच्या खोलीचा किस्सा आला. मी एकदा शिंक्यावरून गुळाचा खडा चोरला. नानांनी आधी पट्टा चालवला आणि मग मागच्या लाकडाच्या खोलीत कोंडलं. दोन दिवस. लाकडांत विंचू निघत, म्हणून मी दोन्ही दिवस उभाच होतो, तिथेच उभ्याने झोपायला शिकलो, आणि पुढे कारखान्यात आठ-आठ तास उभं राहून तपासणी करताना ते शिक्षण किती कामाला आलं! इथे मी थांबलो, हशासाठी.

कनका म्हणाली, "किती वर्षांचे होतांत?"

"असेन आठ वर्षांचा."

"आठ?"

"हो. फार द्वाड होतो मी."

"दोन दिवस जेवण?"

"ते शिक्षेतच आलं ना! काकू पाणी ठेवायची दाराशी. बिचारी मध्ये पडायची नाही, पण पाणी ठेवायची. तिचेही आभार मानलेत पुढच्या परिच्छेदात."

कनका उठून आत गेली. मला वाटलं गॅस बंद करायला. बराच वेळ आली नाही. ऊर्मी जमिनीकडे बघत होती. मग म्हणाली, "अप्पा, हे प्रेज आहे? कौतुक? हे लोक छापणार?"

मला राग आला. म्हणालो, तुमच्या पिढीला शिस्त म्हणजे काय ते कळायचं नाही. त्या माणसाने मला ठेवून घेतलं नसतं तर मी रस्त्यावर भीक मागितली असती. आम्ही काही लाडावलेले नव्हतो.

कनका बाहेर आली ती ताट घेऊन. दुपारचे चार वाजले होते, जेवून दोन तास झाले होते. भात, रसम, वर तूप. डोळे लाल. "जेवा," एवढंच म्हणाली. भूक नव्हती. तरी जेवलो. ती समोर बसून राहिली. हिला काय झालंय ते मला कळलं नाही. पण कुणी समोर बसून जेवू घालणं ही काही लहान गोष्ट नाही, म्हणून तिलाही मनोमन हात जोडले.

९ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी १४०/८६, संध्याकाळी १६४/९८

ऊर्मीने डॉक्टरांसाठीच्या कागदावरून संगणकावर आलेख काढला. त्यांच्या प्लांटमध्ये एखाद्या भागात दोष आला की असंच करतात म्हणे. आकडे मांडायचे, कुठला दिवस वर जातो ते बघायचं, आणि मग पाच वेळा 'का' विचारायचं.

"अप्पा, दर रविवारी संध्याकाळी स्पाइक आहे. आणि दिवाळीला. बाकी दिवस छान उतरतंय. रविवारी का वाढतं?"

"रविवारी मी लेख लिहितो. लक्ष लागतं डोक्याला."

"ऑफिसचे रिपोर्ट लिहिता, तेव्हा वाढत नाही. लेख लिहिताना का?"

"नानांची आठवण येते."

"नाना आठवले की का वाढतं?"

"शिस्तीच्या माणसाची आठवण आली की माणूस ताठ बसतो!" मी म्हणालो आणि उठलो. तिने पडद्यावर बोट तसंच ठेवलं होतं. "अप्पा, अजून दोन 'का' राहिले," म्हणाली.

तपासनीसाला तपासायला निघालीय. पोरगी माझ्याहून बारीक बघते, हे मात्र कबूल केलं पाहिजे. कुठल्याही बापाला अभिमान वाटेल. मला आज वाटला नाही, चीड आली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी १४२/८८, दवाखान्यात १५६/९४

कृष्णस्वामींकडे कनका बरोबर होती. मला वाटलं नुसती सोबत. खुर्चीत बसताच तिने तमिळमध्ये सगळं सांगून टाकलं. पट्टा, खोली, विंचू, गूळ. मी तिला डोळ्यांनी दटावत होतो, तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं हसतील. त्यांनी विचारलं, "असं किती वर्षं?" मी म्हणालो, दहा, पण त्या काळी सगळ्याच घरांत मारायचे. ते म्हणाले, "माझ्याही घरी मारायचे. एक चापट मारायचे आणि अर्ध्या तासाने जेवायला हाक मारायचे. तुमचं तसं नव्हतं."

मग त्यांनी सावकाश समजावलं. लहानपणाची वर्षं भीतीत आणि उपाशीपोटी गेली की शरीर सतत सावध राहायला शिकतं. पुढे माणूस ती गोष्ट विसरतो, हसण्यावारी नेतो, शरीर विसरत नाही. अशा लोकांना रक्तदाब, साखर, हृदयाचे आजार इतरांपेक्षा जास्त प्रमाणात आणि लवकर झालेले दिसतात. सगळ्यांनाच होतात असं नाही, आणि एवढं एकच कारण कधीच नसतं. तुमच्या घराण्यातला रक्तदाब आहे, मीठ आहे, वय आहे. गोळ्या चालूच ठेवायच्या. पण मन मोकळं करायला शिकवणारी एक बाई आहे, तिच्याकडेही जा. आणि तो लेख लिहू नका.

मी म्हणालो, "डॉक्टर, त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत."

ते म्हणाले, "असतील. उपकार तुम्ही फेडा हवं तर. पण हाताने फेडायचे असतील तर हात चालू राहायला हवा."

येताना रिक्षात कनकाशी बोललो नाही. घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडायची नसते, हे तिला कळायला हवं होतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी १३८/८६, संध्याकाळी मोजलं नाही

कामावरून आलो. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरची श्रीनिधी होती. आज बालदिन, शाळेत गणवेश नव्हता, म्हणून परकर-पोलका, कपाळावरची टिकली घसरून नाकाशी आलेली. पाठीवर दप्तर. चौथ्या मजल्याच्या बटणापर्यंत तिचा हात पुरेना. उड्या मारत होती. मी दाबलं. "थँक्यू अंकल." वरचे दोन दात पडलेले, त्यामुळे हवाच जास्त निघाली.

मी सहज विचारलं, "किती वर्षांची गं तू?"

"एट, अंकल."

लिफ्ट माझ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, मला उतरता येईना. मी तिच्याकडे बघत राहिलो. मनगटं माझ्या दोन बोटांत मावतील एवढी. माझ्या डोक्यात मी आठ वर्षांचा म्हणजे चांगला दांडगा, मिशा फुटायच्या बेताचा एक बनेल पोरगा होतो. गूळ चोरणारा, मार खाण्याच्या लायकीचा. आठ म्हणजे एवढंसं? एवढ्या जिवाला दोन दिवस?

दार बंद झालं, मी तिच्याबरोबर वर गेलो आणि परत खाली आलो. घरात येऊन बूट न काढता बसलो. कनका म्हणाली, काय झालें, हात बरा आहे ना? मी म्हणालो, "कनका, श्रीनिधी आठ वर्षांची आहे." एवढं सांगितलं आणि पुढे बोलता येईना. हात, जीभ सगळं ठीक होतं, ते वेगळं होतं. सत्तावन्न वर्षांच्या माणसाने बायकोच्या पदरात डोकं घालून रडावं याची मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

तिने मंगळवारी बोलायला नको होतं असं मी म्हणत होतो. ती बोलली नसती तर मी मरेपर्यंत हसत बसलो असतो. तिचे उपकार.

१७ नोव्हेंबर, रविवार
सकाळी १३६/८४, संध्याकाळी १३४/८४

कपाटातला लेख काढला नाही. दुपारी ऊर्मीला सगळं सांगितलं, किस्सा करून नाही, साधं. तिने मध्ये एकदाही 'का' विचारलं नाही. मग म्हणाली, पट्टा मी परत करून येते, दुकानात बदलून मिळतो. मी म्हणालो, ऑफिसात लोक बघतात त्याचं काय? ती म्हणाली, "बघू देत, अप्पा." बदल्यात दोन शर्ट घेऊन आली, एकाची कॉलर तिरकी शिवलेली आहे. मी बोललो नाही.

पण मनात एक कुसळ आहे. नानांनी मला शाळेत घातलं हे खोटं नाही. त्या शाळेमुळे मी इथे आलो. तेवढ्याबद्दल मी आजही त्यांना नमस्कार करीन. मात्र पट्ट्याबद्दल आभार मानणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, त्या एका लेखात कशा बसवायच्या ते मला येत नाही. दर्शनला काय सांगू? तो बिचारा बापाचं मन राखायला धडपडतोय. लहानपणापासून मऊ पोर. त्याला दुखावणं माझ्या जिवावर आलंय. आठवडाभर त्याचे फोन उचलले नाहीत.

३० नोव्हेंबर, शनिवार
सकाळी १३८/८६

वादळ आज किनाऱ्याला लागणार म्हणून सगळं बंद. कारखाना बंद, ऊर्मीची बस बंद, खिडक्यांच्या फटींत कनकाने जुनी फडकी कोंबलेली. लेखाची शेवटची तारीख. अकरा वाजता दर्शनचा फोन आला आणि मी उचलला.

"दादा, लेख?"

मी दोन आठवडे वाक्य पाठ करून ठेवलं होतं. प्रकृती बरी नाही, डॉक्टरांनी लिहायला मनाई केलीय. तेच म्हणायला गेलो आणि तोंडातून निघालं, "दर्शन, मी लिहिणार नाही. लिहिला होता. सगळा मार त्यात गमतीने लिहिला होता. तो आता मला गमतीचा वाटत नाही. तू रागाव हवं तर."

वाऱ्याने लाईन खरखरत होती.

"दर्शन?"

"बरं झालं," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. "नकोच लिहूस, दादा. मी पण लिहिलेला नाही. समिती माझ्या मागे लागलीय, मुलाचा लेख पहिला हवा म्हणून. मीच त्यांना म्हटलं, दादाचा पहिला घ्या. वाटलं, तुझा आला की माझ्यावाचून भागेल. मला एक ओळ सुचत नाही. कागद पुढे घेतला की उठून निघून जातो."

"तू? तू का?"

"दादा, तू चेन्नईला गेलास तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. तू गेल्यावर काय झालं असेल असं तुला वाटतं?"

मी खाली बसलो. चाळीस वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी त्या घरात असताना मार माझ्या वाट्याचा होता, दर्शनला कधी बोट लागलं नाही. मी समजत होतो तो माझ्या द्वाडपणाचा होता आणि माझ्याबरोबर संपला. मी इथे भातावर भात खात होतो, इन्नुम, इन्नुम, आणि तिथे तो होता. शिवण अर्धा दोरा सरकली तरी मला दिसते म्हणे!

"मी सुटलो आणि तुला तिथे ठेवून आलो," मी म्हणालो.

"तू सतरा वर्षांचा होतास, दादा," तो म्हणाला. "पोरगाच होतास."

मग तो बोलत राहिला. नानांना आता उठवत नाही. रोज सकाळी तोच त्यांना आंघोळ घालतो, पाठ चोळतो, भरवतो. नाना आता ओरडत नाहीत, गरीब झालेत, त्यामुळे कुणाला सांगायचीही सोय नाही. त्यांच्या खोलीत शिरताना रोज छातीत धडधडतं. गेल्या वर्षी गाडी चालवताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मी विचारलं, रक्तदाब मोजलास? तो म्हणाला, कधीच नाही, मला काय होणार! हुबेहूब माझं वाक्य. मी त्याच्यावर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा ओरडलो. म्हणालो, आत्ता ऊठ, चप्पल घाल आणि दवाखान्यात जा. आकडा मला कळव. मग सोहळा होऊ दे नाहीतर न होऊ दे, नानांपाशी आठ दिवस माणूस ठेव आणि इकडे निघून ये.

त्याने अर्ध्या तासाने परत फोन केला. एकशे ब्याण्णव, एकशे दहा. डॉक्टरांनी तिथेच गोळी दिली, दोन तास तिथेच बसायला सांगितलंय. "वेळेवर आलात असं म्हणाले, दादा. तुझ्यामुळे." आणि मग तो रडायला लागला, मीही.

कनकाने माझ्या हातातून फोन घेतला. माझ्या भावाशी ती उभ्या आयुष्यात चार वेळा बोलली असेल, तेही लग्नाकार्यात.

"दर्शनभावजी, मी कनका. सरि, सरि, बरें, रडा तुम्ही, परवा नाहीं. मज एवढें सांगा, तुम्ही सकाळपासून कांहीं जेवलांत कीं नाहीं?"

पलीकडे पन्नाशीला आलेला माझा धाकटा भाऊ हुंदके देत होता ते मला इथवर ऐकू येत होतं. ती घाईत नव्हती. भिंतीला टेकून उभी राहिली, पदर खोचला आणि विचारत राहिली, पोळ्या किती खाल्ल्या, भाजी कसली होती, आणि ती कोणी वाढली.